गिटारवरून कोलाज: बाह्यरेषा, तार आणि शिरोरेखा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही कोल्हापुरातच राहता, बरीच वर्षं गिटार वाजवता. ब्रिज (तारा जिथे बांधतात ती खालची पट्टी) उचलल्यामुळे वाजवता न येणारी एक जुनी गिटार घरात पडून आहे. तिच्यावरून काहीतरी प्रायोगिक कोलाज करायचं म्हणून तुम्ही मोठ्या माउंटबोर्डावर गिटारचा आकार काढला, मासिकांतले रंगीत तुकडे कापून तो भरला आणि वर बदलून ठेवलेल्या जुन्या तारा चिकटवल्या. झालं ते ऑर्केस्ट्राच्या जाहिरातीसारखं दिसतं, बोर्ड वाकला, कागद फुगला आणि तारा महिन्याभरात सुटल्या. आता विचारताय की चिकटवायला काय वापरू, आणि यात 'प्रायोगिक' आणायचं कसं.

चिकटवण्याचं मी शेवटाकडे सांगतो, त्याला बऱ्यापैकी ठरलेली उत्तरं आहेत. अडचण त्याच्या आधीच झालीय. तुम्ही पेन्सिलीने पहिल्यांदा बाह्यरेषा काढलीत. गिटारची ती कंबर एकदा कागदावर उमटली की आतला प्रत्येक तुकडा रंग भरायच्या कामाला लागतो. मग तो मासिकाचा असो, साडीच्या खोक्याचा असो, काही फरक पडत नाही. बघणारा दारातूनच 'गिटार' म्हणतो आणि पुढे सरकतो, कारण त्याला शोधायला काही उरलेलंच नसतं. आपल्या गावात ही सवय खोलवर आहे आणि तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी या चित्रकारांच्या हातांनी कोल्हापूरचा डोळा घडला. हुबेहूब काढता येणं इथे मानाचं आहे. मीही पेंटरच्या दुकानात दुकानांचे बोर्ड रंगवतच शिकलो. पण कोलाजला बाह्यरेषा आधी दिली की ते मुकं होतं, हे गेल्या २६ वर्षांत मी स्वतःच्या आणि शिकायला आलेल्या मुलांच्या कामात पुन्हा पुन्हा पाहिलंय.

पुढचं बरंचसं तुम्हाला काय हवंय यावर अवलंबून आहे. भिंतीवर वर्षानुवर्षं टिकणारं चित्र हवं असेल तर कागद आणि चिकट यांत काटेकोर राहावं लागेल. हात मोकळा करायचा असेल तर रद्दी आणि खळ (मैद्याची चिकी) एवढ्यावर महिना काढा, काहीच बिघडत नाही. आणि ती जुनी गिटार उघडायची तुमची तयारी आहे का, हे तुम्हीच ठरवायचं. ती कुणी दिलेली असेल, तिच्यात जीव अडकला असेल, तर तिला हात न लावताही खाली सांगितलेलं बहुतेक सगळं करता येतं.

गिटार आणि कोलाज यांचं नातं जवळजवळ कोलाजच्या जन्मापासूनचं आहे. १९१२ मध्ये पिकासोने वेताच्या खुर्चीची जाळी छापलेलं मेणकापड एका चित्रात चिकटवलं आणि भोवती खऱ्या दोरखंडाची चौकट केली. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याचा सोबती चित्रकार ब्राक याने लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद आणून त्याच्या पट्ट्या कोळशाच्या रेखाटनात बसवल्या. ब्राक मुळात घरं रंगवण्याचं आणि सजवण्याचं काम शिकलेला होता. कंगव्याने रंगात लाकडाच्या रेषा ओढणं त्याला येत होतं. (आपल्याकडेही दारांवर अशा रेषा ओढणारे रंगारी होते. लहानपणी मी तासन् तास त्यांच्याजवळ उभा राहायचो.) मग त्याच वर्षअखेरीस पिकासोने पुठ्ठा, दोरा, सुतळी आणि तार यांची एक गिटार बांधली आणि १९१४ मध्ये तीच पत्र्यात केली. दोन्ही आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहेत.

त्या गिटारचे फोटो बघाल तेव्हा मधल्या भोकाकडे बघा. खऱ्या गिटारचं भोक आत जातं, पिकासोने ते नळकांड्यासारखं बाहेर काढलं. पश्चिम आफ्रिकेतल्या ग्रेबो मुखवट्यांत डोळे असेच पुढे आलेले असतात आणि पिकासोच्या संग्रहात तसा मुखवटा होता. पोकळी दाखवायला त्याने भरीव वस्तू वापरली, तरी आपण ती गिटार म्हणूनच वाचतो, कारण जवळच ताणलेल्या समांतर तारा आहेत आणि एका कडेला बाक आहे. वाद्य ओळखायला लागतं ते एवढंच. हे दोन-तीन इशारे दिले की उरलेला सगळा कागद मोकळा राहतो, आणि तुमचं काम त्या मोकळ्या जागेत आहे.

तुम्ही वाजवता, म्हणजे माझ्यापेक्षा तुमच्या बोटांना जास्त ठाऊक आहे. स्टीलच्या लाइट गेजच्या, म्हणजे कमी जाडीच्या, सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण ७० किलोच्या आसपास जातो. धडधाकट माणसाचं वजन झालं ते, आणि ते पेलते जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची वरची फळी. तुमचा ब्रिज उचलला तोही याच ओढीने. मला गिटारमध्ये हेच सगळ्यात सुंदर वाटतं: गप्प पडलेली असतानाही ती ओढलेली असते. तुमच्या चित्रात नेमकं हे नाही. तिथे तारा आहेत, पण त्या निजलेल्या आहेत.

आता आपल्या लिपीकडे या, कारण आपल्या हाताशी जे आहे ते पिकासोकडे नव्हतं. त्याने चिकटवलेल्या वर्तमानपत्रांतली अक्षरं सुटी सुटी होती. आपल्या अक्षरांना शिरोरेखा आहे. घरातली रद्दी काढा, त्यातला एक मोठा मथळा निवडा, स्टीलची पट्टी लावा आणि शिरोरेखेच्या खाली दोन मिलिमीटर सोडून कटर आडवा फिरवा. वरच्या बाजूला मात्रा, वेलांट्या, रफार राहू द्या. हातात येते ती एक काळी रेघ. खाली तुटक्या दांड्यांचे खुंट, वर वळलेल्या वेलांट्या, शब्द संपतो तिथे बारीक खंड. ती पट्टी उभी धरा. तार दिसते, आणि वेलांट्यांच्या जागी खुंट्या. वाचता काहीच येत नाही, पण मराठी डोळा तिच्यात अक्षरं शोधत राहतो. ही शोधाशोध आपल्याला हवी आहे.

असे सहा आकाराचे मजकूर निवडा. पहिल्या पानावरचा ठळक मथळा म्हणजे सहावी, जाड तार. मग लहान मथळा, उपमथळा, चौकटीतला मजकूर, बातमीचा मजकूर, आणि शेवटी छोट्या जाहिरातींतली केसासारखी रेघ. लाइट गेजच्या संचात सर्वांत जाड तार साधारण १.३ मिलिमीटर असते आणि सर्वांत बारीक ०.३. छापलेल्या शिरोरेखा या मापांच्या आसपासच येतात, म्हणून ते डोळ्याला लगेच पटतं.

आणखी एक गोष्ट या पट्ट्यांना खऱ्या तारांसारखं वागायला लावते. वर्तमानपत्र उभं फाडलं तर सरळ फाटतं, आडवं फाडलं तर वेडंवाकडं जातं, हे तुम्ही पाहिलं असेल. कागदाचे तंतू उभे असतात म्हणून तसं होतं. कागद ओला झाला की तो तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त पसरतो. शिरोरेखेची पट्टी नेमकी आडवी कापलेली असते, त्यामुळे खळ लावली की ती लांबीत वाढते आणि वाळताना आखडते. फूटभर पट्टीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. पट्टी पूर्ण ओली करून फक्त दोन टोकं पक्की चिकटवली आणि मधला भाग सुटा ठेवला, तर वाळल्यावर ती ताणून उभी राहते. नखाने हलकं टिचकवलं तर अगदी बारीक आवाजही येतो. चार-पाच पट्ट्या तुटतील, तुटू द्या. तुटलेली पट्टी चित्रात तशीच ठेवून मी काही चांगली कामं केली आहेत.

रचनेसाठीही गिटारचंच माप घ्या. फ्रेट, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, कसे बसवतात माहीत असेल: नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतच्या लांबीला १७.८१७ ने भागायचं, येईल तिथे पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, तिथे दुसरा. बारावा बरोबर मध्यावर येतो. ३५६ मिलिमीटरची लांबी घेतली तर पहिली पट्टी २० मिलिमीटरची, मग १८.९, १७.८, १६.८ अशी प्रत्येक आधीच्यापेक्षा जराशी अरुंद. या रुंदीच्या बारा पट्ट्या बारा वेगवेगळ्या कागदांतून कापा आणि शेजारी शेजारी मांडा. मान काढायची नाही, खुंट्या काढायच्या नाहीत. एवढ्यानेच पानाला एका बाजूला ओढ लागते. सारख्या रुंदीच्या पट्ट्यांत ती ओढ कधीच येत नाही. मी एकदा हे फक्त गुळाच्या रंगाच्या कागदांत केलं होतं, काकवीच्या काळपट तपकिरीपासून ताज्या पिवळ्या ढेपेपर्यंत. बघायला आलेल्या एका गिटारवादकाने नकळत डाव्या हाताची बोटं वळवली. त्या चित्रात गिटार कुठेच नव्हती.

तुम्हाला आवाज कागदावर आणायचा असेल तर सुताराकडे बघा. फळीवर सरळ रेघ मारायला तो दोरी रंगात बुडवतो, दोन टोकं धरून ताणतो, मध्ये उचलतो आणि सोडतो. सूत मारणं म्हणतात ते. एका फळीवर कागद पसरा, दोन टोकांना स्क्रू मारून त्यांत गिटारची जाड तार थोडी सैलच ताणा, आणि टोकांखाली पत्र्याची पातळ पट्टी सरकवून तार कागदापासून मिलिमीटरभर वर ठेवा. तारेला कोळशाची पूड चोळा आणि ती सरळ वर उचलून सोडा. कागदावर रेघ उमटते, पण सुतारासारखी सरळसोट नाही: मध्ये गडद आणि दाट, टोकांकडे विरत गेलेली, भोवती उडालेल्या पुडीचं धुकं. आता बाराव्या फ्रेटच्या जागी, म्हणजे बरोबर मध्यावर, बोट नुसतं टेकवून चौथाईपाशी छेडा, जसं हार्मोनिक (बोट नुसतं टेकवून निघणारा बारीक उंच सूर) काढता. जमलं तर मध्ये कोरी जागा राहते आणि दोन्ही बाजूंना दोन डाग येतात. यासाठी पट्टी अजून पातळ लागते, कारण हा झोका लहान असतो. पहिल्या दहा-बारा प्रयत्नांत नुसता डागच मिळेल. जमेल तो कागद फिक्सेटिव्ह (पूड बसवून ठेवणारा फवारा) मारून ठेवा आणि फाडून कोलाजमध्ये वापरा. तुमच्याच हाताने छेडलेली तार त्यात असेल.

गिटार उघडायची ठरवली तर आधी सगळ्या खुंट्या थोड्या थोड्या करून सैल करा. ताणलेली तार कटरने कापू नका. उचललेला ब्रिज आणि ७० किलोची ओढ एकत्र आली की तो थेट चेहऱ्याकडे उडू शकतो. मग कडेच्या जोडावर ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री फिरवा आणि पातळ सुरी हळूहळू आत सरकवा. स्वस्तातली गिटार असेल तर वरची फळी प्लायची निघेल आणि तिचे थर पापुद्र्यासारखे सुटतील. वाईट वाटून घेऊ नका. ते पापुद्रे कोलाजसाठी सोनं आहेत, कागदाइतके पातळ आणि खऱ्या लाकडाचे. मी उघडलेल्या पहिल्या गिटारच्या आतल्या अंगावर कारागिराने पेन्सिलीने मारलेली मध्यरेषा होती, शेजारी गोंदाचा ओघळ, आणि आधाराच्या पट्ट्यांमध्ये दाबून बसलेला धुळीचा बोळा. त्यात एक हरवलेलं प्लेक्ट्रम (तार छेडायची चकती) सापडलं. बाहेरची चकचकीत बाजू मी टाकून दिली आणि आतली बाजू वर करून चिकटवली. वाद्याचं आतलं अंग बघायची सवय मला मिरजेने लावली. तिथल्या सतारी-तंबोऱ्याच्या कारखान्यांत अर्धवट झालेले भोपळे पोकळ बाजू वर करून ठेवलेले असतात. ते बघत बसलं की पोकळी ही सुद्धा घडवायची वस्तू आहे हे कळतं.

कागद शोधायला फार लांब जायला नको. ब्राकला लाकडी रेषांचा कागद विकत घ्यावा लागला. तुम्ही प्लायवूडच्या दुकानात जा आणि सनमायकाचे जुने कॅटलॉग मागा, साग, अक्रोड, रोजवूड सगळं छापील मिळतं. चप्पल लाईनला कातड्याच्या कातरणी मिळतात, पण कातडं कागदाला कालांतराने डागाळतं, म्हणून मध्ये जाड कागदाचा थर द्या. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडच्या कापलेल्या कडा अप्रतिम असतात. आणि कुस्तीच्या मैदानांची पोस्टरं! एकावर एक चिकटवलेल्या त्या थरांत नखाने एक कोपरा उचलून ओढला की खालचं पोस्टर तुकड्यातुकड्यांनी वर येतं. पॅरिसमध्ये १९४९ पासून व्हिलग्ले आणि एन्स हे दोघे कलाकार भिंतींवरची फाटकी पोस्टरं काढून नेमकं असंच काम करत होते. चिकटवण्याऐवजी फाडून चित्र करायचं. ध्वनिछिद्रासाठी मी हल्ली हेच करतो: चार-पाच थर एकमेकांवर चिकटवतो आणि मधून गोल फाडत आत जातो. कात्रीने कापलेलं भोक सपाट दिसतं, थरांतून फाडत गेलेलं खोल वाटतं. फ्लेक्सचे तुकडे मात्र पांढऱ्या फेविकॉलने धरत नाहीत. ते प्लास्टिक आहे, त्याला सुईदोऱ्याने शिवा.

आता तुमच्या फुगलेल्या कागदाचं. पातळ कागदाला मैद्याची खळ सर्वांत चांगली: एक वाटी मैद्याला पाच-सहा वाट्या पाणी, मंद आचेवर सतत ढवळत, चकाकी येईपर्यंत. बाइंडर लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे, घरच्या भांड्यात नको. मी मोरचूद घालत नाही, पावसाळ्यात रोज ताजी खळ करतो. जाड कागदाला आणि लाकडाच्या पापुद्र्याला फेविकॉल, थोडंसं पाणी घालून, पातळ आणि सगळीकडे सारखा. तुमचा बोर्ड वाकला कारण एका बाजूचा कागद वाळताना आखडला आणि बोर्डाला ओढून घेऊन गेला. त्यावर उपाय म्हणजे मागच्या बाजूलाही त्याच वेळी तेवढाच कागद चिकटवायचा, तंतूंची दिशा तीच ठेवायची आणि रात्रभर वजनाखाली दाबायचं. दोन्ही बाजूंची ओढ सारखी झाली की बोर्ड सरळ राहतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे एका रात्रीत काही वाळत नाही, तेव्हा दोन दिवस द्या आणि मधले कोरे कागद बदलत राहा. वर सांगितलेल्या ताणलेल्या पट्ट्या या दाबण्यानंतर बसवा.

तारा चिकटवू नका. गुळगुळीत धातूला खळ किंवा फेविकॉल फार दिवस धरत नाही, शिवाय तारेला सुटायची ओढ असते. माउंटबोर्ड सोडा, १२ मिलिमीटरचा प्लाय घ्या, भोकं पाडून तार मागे न्या आणि स्क्रूला गुंडाळा. ओल्या खळीवर तार ठेवली तर आठवड्यात गंज उतरतो. कागद पूर्ण वाळू द्या, तारेला लॅकरचा एक हात द्या, मगच ती चढवा. गंजाचा डाग मुद्दाम हवा असेल तर वेगळी गोष्ट. मग ओल्या कागदावर तार ठेवून डाग येऊ द्या आणि तार काढून घ्या. तो तांबूस डाग फार देखणा असतो.

वर्तमानपत्र पिवळं पडणार. त्यातलं लिग्निन उजेडाने आणि हवेने तपकिरी होतं. पिकासोची पानंही पार तपकिरी झाली आहेत. तुम्हाला पांढरं-काळं टिकवायचं असेल तर मथळ्याची चांगल्या कागदावर लेझर झेरॉक्स काढा आणि ती कापा. त्या कागदाचे तंतू कुठल्या दिशेने आहेत ते मात्र आधी फाडून बघा, नाहीतर पट्टी ताणणार नाही.

शेवटचं फ्रेमचं. काही वर्षांपूर्वी माझं एक काम एका फ्रेमवाल्याने काच थेट कागदावर दाबून बंद केलं. मी दुकानात उभा होतो आणि बोललो नाही. दोन पावसाळ्यांत काचेच्या आतून बुरशीचे करडे ठिपके आले आणि ताणलेल्या सहापैकी चार पट्ट्या काचेला चिकटून राहिल्या. म्हणून काच आणि कागद यांच्यात निदान दहा मिलिमीटरची लाकडी पट्टी घालायला सांगा, मागे हवेला जागा ठेवा आणि बाहेरच्या ओल्या भिंतीवर चित्र टांगू नका. हे सगळं लागेल तेव्हा लागेल. आत्ता घरातली रद्दी, कटर आणि स्टीलची पट्टी एवढंच घेऊन बसा आणि पहिल्या सहा शिरोरेखा कापून टेबलावर उभ्या मांडून बघा. पेन्सिल जवळ ठेवू नका.